‘अर्धीच भूल द्या’: घोरणाऱ्या रुग्णाचं नाक आणि भुलीची निवड

रुग्ण 51 वर्षांचे गृहस्थ. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. उंची 168 सेंटिमीटर, वजन 94 किलो, म्हणजे बीएमआय 33. नाकाचा पडदा डावीकडे चांगलाच वाकलेला, मागे हाडाचा टोकदार उंचवटा आलेला आणि उजव्या नाकपुडीत टर्बिनेट, म्हणजे आतली मांसल घडी, सुजून बसलेलं. घरच्यांच्या भाषेत ‘नाकाचं हाड वाढलंय’. सगळा जन्म हळदीच्या धुरळ्यात गेलेला. नाक चोंदलं की खिशातून झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची बाटली काढायची, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ. हे थेंब आठवडाभरापलीकडे वापरले की त्यांचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, आणि आतलं अस्तर हात लागताच रक्त येईल इतकं नाजूक होऊन बसतं. (ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.)

शस्त्रक्रिया ठरली ती मात्र चोंदण्यापेक्षा घोरण्यामुळे. स्लीप स्टडीत झोपेच्या दर तासाला सरासरी 41 वेळा श्वास थांबत होता किंवा तोकडा पडत होता. हा झोपेतला श्वासरोध. आकडा 30 च्या वर गेला की आजार तीव्र मानतात. रात्रीतला सर्वांत खालचा ऑक्सिजन 76 टक्के. छातीच्या डॉक्टरांनी सीपॅपचं, म्हणजे झोपेत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं, मशीन दिलं होतं, पण बंद नाकावर हवेचा मास्क लावून झोपणं त्यांना जमेना. पंधरवड्यात मशीन कपाटावर गेलं. पडदा सरळ केल्याने घोरण्याचा आजार बरा होत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं. नाक मोकळं झालं की मास्क सहन होतो आणि हवेचा दाबही बऱ्याचदा कमी लागतो, शस्त्रक्रियेचा हेतू एवढाच होता.

बाकी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिनवर असलेला रक्तदाब, इकोत हृदयाचं पंपिंग चांगलं पण डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड, साखर हद्दीवर. मान आखूड, घेर 44 सेंटिमीटर. तोंड उघडून जीभ बाहेर काढली तर पडजीभ जेमतेम दिसत होती.

आमच्या कान-नाक-घशाच्या सर्जनांनी केसपेपरवर लिहून पाठवलं होतं: ‘सेप्टोप्लास्टी, टर्बिनेट रिडक्शन. लोकल + सेडेशन?’ म्हणजे पडदा सरळ करणं, टर्बिनेट लहान करणं, आणि भूल जागेवरची, सोबत गुंगी. शेवटचं प्रश्नचिन्ह त्यांचंच.

नातेवाइकांच्या मनात मात्र कसलंच प्रश्नचिन्ह नव्हतं. बायको म्हणाली, यांना बीपी आहे, पूर्ण भूल झेपायची नाही. धाकट्या भावाने ऐकलं होतं की लोकलला खर्च कमी येतो. आणि सत्तरी ओलांडलेली आई खुर्चीच्या कडेवर बसून एवढंच म्हणाली, “बाई, पुरी भूल देऊ नगा. ह्येच्या वडलांना दिली हुती. उठलंच न्हाईत.”

आईच्या बोलण्यातला दुवा

कुटुंबात कुणी भुलीखाली दगावलं असेल तर आम्ही भूलतज्ज्ञ ते भीती म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. घराण्यातून रुग्णात उतरलेल्या दोन आनुवंशिक गोष्टी त्यामागे असू शकतात. एक म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया. त्यात वास देऊन दिल्या जाणाऱ्या भुलीच्या वायूंनी किंवा सक्सामिथोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने स्नायू आखडतात आणि अंग भराभर तापतं. दुसरी, सक्सामिथोनियम मोडून टाकणारं रक्तातलं एन्झाइमच कमी किंवा सदोष असणं. हे औषध थिएटरात ‘स्कोलिन’ म्हणून ओळखलं जातं. एरवी त्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, पण असा दोष असलेल्या माणसाचे स्नायू काही तास लुळे राहतात. श्वासाचेही. तेवढा वेळ श्वास देत राहिलं तर माणूस सुखरूप उठतो. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात हा दोष जास्त आढळल्याचं नोंदलेलं आहे, पण तो कुठेही सापडू शकतो.

म्हणून मी आईंना विचारत बसले. शस्त्रक्रिया हर्नियाची. तालुक्याच्या गावी. मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. कागद एकही नाही. अंग तापलं होतं का, हे त्यांना आठवेना. पण एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली: “रातभर माणसं फुगा दाबत बसली हुती. पहाटं दमली.” भुलीच्या यंत्राची पिशवी, तिला त्या फुगा म्हणत होत्या. ऑपरेशन आटोपलं, तरी रुग्ण स्वतःहून श्वास घेईना, व्हेंटिलेटर नाही, हाताने पिशवी दाबत रात्र काढली. यावरून निदान होत नाही, पण स्कोलिनचा संशय येण्याइतकं हे बोलकं होतं.

मुलाच्या, म्हणजे आमच्या रुग्णाच्या, रक्तातलं ते एन्झाइम, कोलिनएस्टरेज, तपासायला पाठवलं. आकडा सर्वसाधारण मर्यादेच्या अगदी खालच्या काठावर आला. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्यांचा असा येऊ शकतो, निरोगी माणसाचाही येऊ शकतो. मी ठरवलं की स्कोलिन वापरायचं नाही आणि वासाचे वायूही वापरायचे नाहीत. भूल द्यायचीच झाली तर शिरेतूनच. नाकाच्या शस्त्रक्रियेला हे नाहीतरी सोयीचंच पडतं, ते पुढे येईल.

जागेपणी करावी का?

पहिला पर्याय नुसत्या जागेवरच्या भुलीचा, गुंगी अजिबात नाही. या पर्यायाबद्दल मला आदर आहे. घोरण्याचा आजार असलेल्या रुग्णाला श्वासाच्या दृष्टीने याहून सुरक्षित काही नाही. माणूस जागा, खाट डोक्याकडून उचललेली, घशात उतरलेलं रक्त तो गिळतो नाहीतर थुंकतो. खोकला शाबूत.

नाक बधिर करणं अवघडही नाही. वरच्या आणि पुढच्या भागाची संवेदना डोळ्याच्या खोबणीतून येणाऱ्या इथमॉइड मज्जातंतूकडे, मागच्या भागाची स्फेनोपॅलेटाइन गँगलियनमधून येणाऱ्या मज्जातंतूंकडे, बाहेरच्या कातडीची गालातून येणाऱ्या मज्जातंतूकडे. 4 टक्के झायलोकेन आणि ॲड्रिनॅलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं नाकात ठेवायच्या आणि मग 2 टक्के झायलोकेन-ॲड्रिनॅलिन पडद्याच्या अस्तराखाली टोचायचं. ॲड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि बधिरपणा जास्त टिकतो.

इथे बेरीज मात्र करावी लागते, आणि ती कुणीच करत नाही. पट्ट्यांवर 4 टक्क्यांचं 10 मिलिलिटर म्हणजे 400 मिलिग्रॅम. 10 टक्के स्प्रेचे दहा फवारे म्हणजे 100. टोचायला 2 टक्क्यांचं 10 मिलिलिटर म्हणजे 200. झाले 700 मिलिग्रॅम. ॲड्रिनॅलिनसोबत लिग्नोकेनची (झायलोकेनचंच मूळ नाव) मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅम आणि एकूण 500 धरतात. लठ्ठ माणसात हिशेब चरबीसकटच्या वजनाने न करता उंचीला साजेशा वजनाने करणं शहाणपणाचं. या रुग्णाचं तसं वजन 64 किलोच्या आसपास, म्हणजे मर्यादा 450 च्या जवळ. पट्ट्यांतलं बरंचसं औषध पट्ट्यांतच राहतं हे खरं, पण किती राहिलं ते कळायला मार्ग नसतो. मात्रा जास्त झाली तर ओठ झिणझिणणं, कानात आवाज, असंबद्ध बोलणं, मग झटके, असा क्रम असतो. त्यावरचा उतारा असलेल्या 20 टक्के लिपिड इमल्शनची बाटली थिएटरात नसेल तर नाकाच्या लोकलला ‘छोटी केस’ म्हणू नये.

तरीही औषधाने हा पर्याय बाद झाला नाही. तो बाद केला रुग्णाने स्वतः, ओपीडीतच. दुर्बिणीने नाक तपासताना सर्जनांनी झायलोकेनची पट्टी ठेवली होती. दुर्बीण मागे सरकताच गृहस्थांनी सर्जनांचा हात धरला, घाम फुटला, रक्तदाब 190 वर. दुखलं का विचारलं तर म्हणाले, “दुखत नाही हो, पण कोणीतरी डोक्यात शिरतंय.” मला ही ओपीडीतली दुर्बीण म्हणजे लोकलची पूर्वपरीक्षाच वाटते. जो तिथे शांत बसतो, तो टेबलावरही बहुधा शांत राहतो. बधिर नाकाला वेदना कळत नाही, पण दाब कळतो आणि आवाज तर सगळाच कळतो. मागचा हाडाचा उंचवटा काढायला छिन्नी-हातोडी लागणार होती. स्वतःच्या कवटीत हाड फुटल्याचा आवाज ऐकत तासभर पडून राहणं सगळ्यांच्या बसची गोष्ट नाही. शिवाय भीतीने रक्तदाब चढतो, आणि चढलेल्या रक्तदाबाने नाक वाहतं.

मधला मार्ग

राहिला सगळ्यांच्या आवडीचा पर्याय: लोकल आणि थोडी गुंगी. रुग्णाला काही आठवत नाही, नातेवाइकांना ‘पूर्ण भूल दिली नाही’ याचं समाधान, सर्जनचं काम लवकर उरकतं, बिलही आवरतं. ज्या रुग्णाला हे झेपतं त्याला द्यावंच. त्याच सकाळच्या यादीत 23 वर्षांचा एक सडपातळ मुलगा होता. पडद्याच्या पुढच्या भागात छोटा उंचवटा, वीस-पंचवीस मिनिटांचं काम, दुर्बीण हसतखेळत सोसलेला. त्याला लोकलसोबत मिडाझोलम 1 मिलिग्रॅम आणि डेक्समेडेटोमिडिनचा मंद ओघ दिला. हाक मारली की ‘हं’ म्हणत होता आणि सांगितलं की थुंकत होता. दुपारी घरी गेला.

पण या अडतदारांना त्याच औषधांनी काय झालं असतं? झोप लागताच जीभ आणि टाळू मागे पडून घसा मिटणं, हाच मुळात त्यांचा आजार. गुंगीने नेमकं तेच होणार, आणि तेही नाक पट्ट्यांनी बंद असताना, घशात रक्त उतरत असताना. श्वास अडला की जबडा उचलायला मी पुढे होणार, तर चेहऱ्यावर निर्जंतुक कापड आणि सर्जनांचे हात. नाकात ऑक्सिजनची नळी लावता येत नाही, म्हणून तोंडावर ऑक्सिजन सोडायचा, आणि त्याच कापडाखाली टर्बिनेट जाळायला कॉटरी. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत उघड्यावर सोडलेला ऑक्सिजन आणि कॉटरीची ठिणगी यांनी रुग्णाच्या चेहऱ्याला आगी लागल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, आणि त्या बहुतेक अशाच ‘थोड्या गुंगी’च्या केसेसमधल्या आहेत. ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या आत ठेवावा तर आग टळते, पण मग घोरणाऱ्या रुग्णाचा ऑक्सिजन उतरतो. दोन्ही एकदम साधत नाही.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची झोपेतल्या श्वासरोधाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: श्वासमार्ग मोकळा सोडून खोल गुंगी देण्यापेक्षा श्वासमार्ग सुरक्षित करून पूर्ण भूल देणं बरं. आजाराचा संशय मोजायला स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची सोपी चाचणी आहे: घोरणं, दिवसा पेंग, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, रक्तदाब, बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर, पुरुष. पाच किंवा अधिक ‘हो’ म्हणजे धोका मोठा. या गृहस्थांचे सात ‘हो’ होते, फक्त बीएमआयचं ‘नाही’. स्लीप स्टडी नसती तरी मधला मार्ग मी इथेच सोडला असता.

‘नाक म्हटलं की लोकल’ ही सवय आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. नाकाच्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे मोठी परंपरा. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्यात कपाळाच्या कातडीतून नव्याने उभं केलं गेलं. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आलं आणि तिकडच्या सर्जनांनी तंत्र उचललं. तेव्हा भूलच नव्हती, ना इथे ना तिथे. 1846 मध्ये ईथर आलं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म. पण घशात नळी घालण्याची सोय नसताना या भुलीत नाकावर काम करणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या फुप्फुसात रक्त सोडणं. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. नाकाच्या सर्जनांनी ते लगेच घेतलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पडद्याच्या शस्त्रक्रिया कोकेनखालीच बसवल्या गेल्या. त्या काळात लोकल खरोखरच सुरक्षित होती, कारण समोरचा पर्याय भयंकर होता.

तो पर्याय बदलला पहिल्या महायुद्धानंतर. इंग्लंडमध्ये सिडकपला हॅरल्ड गिलीज सैनिकांचे फुटलेले चेहरे आणि नाकं उभी करत होते. चेहऱ्यावर भुलीचा मास्क धरला तर सर्जनला जागा नाही, काढला तर रुग्णाला भूल नाही. या पेचातून आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोथम यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत बसवली. आज आपण पोटाच्या शस्त्रक्रियेला जी नळी घालतो तिचा जन्म असा चेहऱ्या-नाकाच्या टेबलावरचा आहे. आणि तरी नाकालाच ती ‘मोठी’ वाटते, याची मला गंमत वाटते.

ठरलं ते

पूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी, औषधं शिरेतून. आणि त्यासोबत सर्जनांची लोकलही, पण कमी मात्रेत. पूर्ण भूल दिली म्हणून लोकल टाळायची नसते. तिने रक्त कमी येतं, वरची औषधं कमी लागतात आणि उठल्यावर दोनेक तास दुखत नाही.

नळीऐवजी लवचिक नळीचा लॅरिंजिअल मास्क हाही पर्याय होता. तो स्वरयंत्राच्या वर बसतो, सरावाच्या हातात नाकाच्या शस्त्रक्रियेला छान चालतो, आणि उठताना रुग्ण खोकत नाही म्हणून रक्तही कमी येतं. बारीक अंगकाठीच्या रुग्णाला मी तोच निवडते. 94 किलोच्या, आखूड मानेच्या माणसात तो मधेच सरकला तर कापडाखालून पुन्हा बसवत बसायची माझी तयारी नव्हती.

आईंना समजावताना मी टक्केवारी सांगितली नाही. म्हटलं, “आई, झोप दोन्हीकडे लागणारच आहे. अर्ध्या भुलीत यांचा घसा घरी मिटतो तसाच मिटेल, वर रक्त असेल. पुऱ्या भुलीत घशात माझी नळी असेल आणि मी उशाशी बसून असेन. आणि वडिलांना जे औषध बाधलं असावं असं मला वाटतं, ते मी वापरणारच नाही.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “फुगा दाबाया मशीन हाय न्हवं?” आहे म्हटलं. मग तयार झाल्या. भावाला मी स्पष्ट सांगितलं की खर्च थोडा वाढेल, आणि रात्रभर निगराणीच्या खाटेचेही पैसे धरा.

रुग्णाला एक गृहपाठ दिला: रोज संध्याकाळी अर्धा तास नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घेत टीव्ही बघायचा. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना नाक बंद असतं. ज्याला हे ठाऊक नसतं तो गुदमरल्यासारखा उठतो, हातपाय झाडतो, जोर लावतो आणि नुकतं थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. थेंब बंद करून स्टिरॉइडचा स्प्रे दोन आठवडे आधीच सुरू केला. टेल्मिसार्टन शस्त्रक्रियेच्या 24 तास आधी थांबवलं, कारण त्या गटाच्या औषधांवर भुलीत रक्तदाब फार खाली जातो. ॲम्लोडिपिन सकाळी घोटभर पाण्यासोबत दिली.

टेबलावर

खांदे आणि डोकं चढणीवर, कान छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी समपातळीत येईल इतकं वर. ऑक्सिजन भरपूर वेळ. वेदनेसाठी फेंटानिल 100 मायक्रोग्रॅम, झोपेसाठी प्रोपोफॉल, स्नायू सैल करायला रोक्युरोनियम 50 मिलिग्रॅम. नाक बंद असल्याने मास्कने हवा जायला तोंडातला एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी आखूड नळी, आधीपासून हाताशी ठेवला होता आणि तो लागलाच. व्हिडिओ लॅरिंजोस्कोपने नळी पहिल्या खेपेस गेली. खालच्या ओठाकडे वळणारी, हनुवटीवरून सर्जनांच्या वाटेबाहेर निघणारी नळी. पुढे प्रोपोफॉल पंपावर, सोबत थोडं डेक्समेडेटोमिडिन, आणि झोपेची खोली पाहायला कपाळावर बीआयएसची पट्टी.

घशात गॉजचा पॅक भरला नाही. सर्जनांना तो हवा असतो. मात्र नळीभोवतीचा हवेचा कफ (फुगवायचं कडं) नीट फुगवलेला असेल तर रक्त श्वासनलिकेत जात नाही. पॅकमुळे फार तर पोटात जाणारं रक्त कमी होईल, आणि तो काढायचा राहिला तर नळी निघताच रुग्णाचा श्वास बंद. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि कान-नाक-घशाच्या संघटनांनी 2018 मध्ये एकत्र येऊन सरसकट पॅक घालू नका असंच सांगितलं. यावरून आमच्याकडे दर वेळी थोडं वाजतं.

ॲड्रिनॅलिन टोचल्यावर दोन-तीन मिनिटांत रक्तदाब 184/102, नाडी 110. अशा वेळी हात बीटा-ब्लॉकरच्या इंजेक्शनकडे जातो, आणि तो आवरायला हवा. आकसलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध हृदय जोर लावत असताना त्याचा जोरच काढून घेतला तर फुप्फुसात पाणी भरतं. फिनाइलएफ्रिन या रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधाच्या थेंबांनी चढलेल्या रक्तदाबावर असा उपाय करताना रुग्ण दगावल्यावर न्यूयॉर्क राज्याने त्याबद्दल खास मार्गदर्शन तयार केलं होतं. आम्ही सर्जनांना थांबायला सांगितलं, प्रोपोफॉल वाढवलं आणि वाट पाहिली. काही मिनिटांत आकडे उतरले.

वायूंपेक्षा शिरेतल्या भुलीत नाकातलं दृश्य स्वच्छ राहतं, हा सर्जनांचा अनुभव असतो. नाडी सावकाश राहते हे त्यामागचं एक मोठं कारण. तरी मागच्या उंचवट्याजवळ रक्त दिसू लागलं तेव्हा सर्जन म्हणाले, “मॅडम, प्रेशर अजून जरा खाली?” सरासरी दाब तेव्हा 76 होता. या रुग्णाचा नेहमीचा सरासरी दाब 106. इतक्या वर्षांच्या रक्तदाबाला सरावलेल्या मेंदूचा दाब नेहमीपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त उतरवायचा नाही, हे मी ठरवून आले होते. शिवाय डोकं वर उचललेलं असताना दंडावरचा आकडा मेंदूचा नसतो. दर सेंटिमीटर उंचीला पाऊण मिलिमीटरने तो खाली असतो, म्हणजे 15 सेंटिमीटरला अकराच्या आसपास. नाही म्हटलं. त्यांनी पट्टी ठेवून पाच मिनिटं दाबून धरलं. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम आधीच गेलं होतं. काम सव्वा तासात आटोपलं.

शेवटी सर्जनांनी नाक पॅकने ठासून भरलं नाही. पडद्याचं अस्तर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून घेतलं आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे, मधून हवेची नळी असलेले स्प्लिंट ठेवले. हे भुलीच्या निवडीइतकंच महत्त्वाचं होतं आणि आम्ही ते आधी बोलून ठेवलं होतं. श्वासरोधाच्या रुग्णाचं नाक रात्रभर पूर्ण बंद ठेवणं टाळता आलं तर टाळावंच.

नळी काढण्याआधी टाळूच्या मागे, पडजिभेच्या वर, डोळ्यांनी बघत सक्शन केलं. तिथे लपलेली रक्ताची गाठ नळी निघाल्यावर स्वरयंत्रावर पडते आणि क्षणात श्वास अडवते. इंग्रजीत तिला थेट मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचं नाव दिलेलं आहे. गाठ होती, सुपारीएवढी. रोक्युरोनियमचा असर उतरवायला सुगॅमॅडेक्स 200 मिलिग्रॅम दिलं. स्नायूंची ताकद यंत्राने मोजून पूर्ण आल्यावर, रुग्ण बसता केल्यावर आणि त्याने डोळे उघडून माझा हात दाबल्यावरच नळी काढली. घोरणाऱ्या रुग्णाची नळी गाढ झोपेत काढण्याच्या मी विरुद्ध आहे, मग खोकल्याने थोडं रक्त आलं तरी चालेल. ते दोनदा खोकले आणि तोंडाने श्वास घेऊ लागले.

रात्र आणि पुढचे आठवडे

रात्री निगराणीच्या खाटेवर, डोकं तीस अंशांवर, बोटाला ऑक्सिमीटर. वेदनेला पॅरासिटामॉल आणि गरज पडली तर बर्फ. ट्रामाडोल किंवा इतर अफूजन्य औषध केसपेपरवरच लाल शाईने बंद केलं होतं, कारण रात्रपाळीत कोणीतरी सद्भावनेने देतंच. पहाटे तीनच्या सुमारास ऑक्सिजन 87 पर्यंत उतरला. सिस्टरने हाक मारून कुशीवर वळवलं, तो 94 वर आला. तसं आणखी एकदा झालं. गुंगीत शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी सोडलं असतं तर हे 87 घरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. स्प्लिंट सातव्या दिवशी निघाले. सीपॅप सर्जनांनी तपासून परवानगी दिल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाला. आता नाकावरचा मास्क रात्री चार-पाच तास टिकतो, असं मशीनच्या नोंदीत दिसतं. दिवसा यार्डात बोली लावताना पेंग येत नाही, असं ते स्वतः सांगतात.

जाताना मी एक कार्ड लिहून दिलं. त्यावर नळी कोणत्या साधनाने आणि किती सहज गेली, मास्कने श्वास देताना तोंडातला एअरवे लागला, रोक्युरोनियम आणि प्रोपोफॉल चाललं, हे नोंदवलं. खाली ठळक लिहिलं: ‘सक्सामिथोनियम टाळावे. वडिलांना भुलीनंतर दीर्घकाळ श्वास न आल्याचा इतिहास. कोलिनएस्टरेज खालच्या मर्यादेवर.’ धाकट्या भावाला आणि रुग्णाच्या दोन्ही मुलांना तीच रक्ततपासणी करून घ्यायला सांगितली. भावाने कार्डाचा फोटो काढून घेतला. तपासणी अजून केलेली नाही.